एका सकाळीत मूल किती कळतं?

न्यूझीलंडमध्ये फुटबॉल हा हिवाळी खेळ. एप्रिलच्या सुमारास हंगाम सुरू होतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑकलंडपासून वेलिंग्टनपर्यंतच्या मैदानांवर ‘ट्रायल्स’ आणि ‘ग्रेडिंग’ची धांदल असते. नऊ-दहा वर्षांपासून पुढची मुलं नंबराचे बिब चढवून रांगेत उभी राहतात, कडेनं दोन-तीन माणसं क्लिपबोर्ड घेऊन फिरतात आणि काही दिवसांत ‘ए’ संघात कोण, ‘बी’त कोण, ‘सी’त कोण, याची यादी पालकांच्या ईमेलवर येते. तेवढे दिवस इथल्या मराठी घरांतही जेवताना दुसरा विषय नसतो. क्लिपबोर्डवरच्या आकड्यांनी मुलाचा हंगाम ठरतो, आणि बऱ्याचदा मूल खेळात राहणार की नाही हेही.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले मामा कोल्हापूरचे निवृत्त क्रीडाशिक्षक, ऑकलंडला भाचीकडे आलेले. भाची तिथल्या एका क्लबात पालक-प्रशिक्षक आहे आणि ट्रायल्सच्या वेळी तिच्याही हातात कागद असतो. दोघांचंही म्हणणं मला मनापासून महत्त्वाचं वाटतं, म्हणून दोघांनाही पुरतं बोलू दिलं आहे.

मामा : तुमची ट्रायल बघितली. मैदान सुरेख, पोरं शिस्तीची, सगळं वेळेवर. पण दीड तासात एवढी पोरं खेळवलीत आणि एकाचंही काही मोजलं नाहीत. ना धाव, ना उडी. कागदावर नुसते एक ते पाच आकडे. ते कशाच्या जोरावर देता?

भाची : तुमच्याकडे कशाच्या जोरावर देतात?

मामा : महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांना मी वर्षानुवर्षं पोरं नेली आहेत. तिथं उंची-वजन घेतात, तीस मीटर पळवतात, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉलची फेक, शटल रन, आठशे मीटर. हातात घड्याळ आणि टेप. पोरगं पुढाऱ्याचं असो नाहीतर हमालाचं, घड्याळाला आडनाव वाचता येत नाही. आमच्याकडे वशिला कुठून शिरतो हे मी बघितलंय गं. जिथं मोजमाप नसतं तिथूनच शिरतो.

भाची : घड्याळाला आडनाव वाचता येत नाही, हे खरं. पण जन्माचा महिना घड्याळात उतरतोच. वयोगट धरतात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. जानेवारीतली मुलगी आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातली मुलगी एकाच गटात पळतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे जवळजवळ आयुष्याचा दहावा हिस्सा झाला. तेवढ्या काळात पायाची लांबी वाढते, ताकद वाढते, लक्ष धरून ठेवण्याची कुवतही वाढते. तुमचं घड्याळ प्रामाणिकपणे मोजतं, पण ते गुण मोजतंय की महिने, हे त्याला सांगता येत नाही.

मामा : एवढा फरक पडतो? चार-सहा महिन्यांचं अंतर पोरगं भरून काढतं.

भाची : भरून काढायची संधी मिळाली तर काढतं. १९८५ साली रॉजर बार्न्सली यांनी कॅनडातल्या कुमार आइस हॉकी संघांतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं शेवटच्या तीन महिन्यांतल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. फुटबॉलमधलं उदाहरण तर आणखी स्वच्छ आहे. १९९७ मध्ये बेल्जियममध्ये वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आली. त्याआधी तिथल्या निवडक कुमार संघांत ऑगस्ट-सप्टेंबरच्या मुलांची गर्दी असायची. तारीख बदलली आणि गर्दी जानेवारी-फेब्रुवारीकडे सरकली. देश तोच, प्रशिक्षकही तेच. बदलली ती फक्त कॅलेंडरवरची रेघ. मग आधी ज्यांना आपण ‘गुणी’ म्हणत होतो ते कोण होते?

मामा : आमच्याकडे तर जन्मतारखेचाच घोळ. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लावलेली पोरं गावोगाव सापडतात. शिवाय वय चोरून खेळवणं हा वेगळाच रोग. म्हणून आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात.

भाची : तोच एक्स-रे माझ्या बाजूनं बोलतो, मामा. खरोखर एकाच महिन्यात जन्मलेली, कागदपत्रं चोख असलेली तेरा वर्षांची दोन मुलं घ्या. त्यांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचं अंतर सहज निघतं. मुलींची उंची सर्वांत वेगानं वाढते ती बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण ते झालं सरासरीचं. एखाद्याचं आधी होतं, एखाद्याचं उशिरा. ज्याचं आधी होतं तो त्या वर्षी मैदानावर राजा. ज्याचं ऐन त्याच महिन्यांत चालू असतं त्याचे हातपाय काही काळ त्याचेच ऐकत नाहीत, गुडघे दुखतात, कालपर्यंत येत असलेली किक आज जमत नाही. नेमकी त्याच आठवड्यात ट्रायल आली तर आपण त्याच्या नावापुढे ‘समन्वय कमी’ लिहून मोकळे होतो.

मामा : पण शेवटी मोठा खेळाडू तोच होतो ज्याच्या अंगात ताकद असते. तुमचा तो ख्रिस वूड बघ. केवढा उंचापुरा गडी.

भाची : उंचापुरा आहेच. न्यूझीलंडसाठी सर्वांत जास्त गोल त्याच्याच नावावर आहेत. ऑकलंडमध्ये जन्मला, हॅमिल्टन-केंब्रिजकडच्या क्लबांत खेळला, २००८ मध्ये इंग्लंडला गेला आणि २०१० च्या वर्ल्ड कपला अठरा वर्षांचा असताना संघात होता. त्याची जन्मतारीख आहे ७ डिसेंबर १९९१. म्हणजे जानेवारी ते डिसेंबरच्या हिशोबात तो आपल्या गटातल्या सगळ्यांत धाकट्यांपैकी.

मामा : मग झालंच की! डिसेंबरचा असूनही टिकला. गुण असला की दिसतो, असंच म्हणायचं.

भाची : एका वूडवर सिद्धान्त उभा करू नका, आणि मीही करणार नाही. जो टिकला त्याचं नाव आपल्याला माहीत आहे. डिसेंबरची जी मुलं अकराव्या वर्षी ‘सी’ संघात गेली, तिथं त्यांना नवखा प्रशिक्षक मिळाला, बाराव्या वर्षी त्यांनी बूट कपाटात टाकले, त्यांची यादी कुठल्याच क्लबाकडे नसते. निवडीत चुकून आत आलेलं मूल सगळ्यांना दिसतं. चुकून बाहेर गेलेलं कुणालाच दिसत नाही. म्हणून निवड करणाऱ्याला वर्षानुवर्षं वाटत राहतं की आपलं बरोबर चाललंय.

मामा : हे पटण्यासारखं आहे. पण मग करायचं काय? मोजायचंच नाही?

भाची : मोजायचं, पण जोड बघून. तालमीत नवी पोरं आली की वस्ताद जोड कशी लावतो?

मामा : अंगपिंड बघतो. वय विचारत बसत नाही. सोळा वर्षांच्या दणकट पोराला बारीक अठरा वर्षांचा चालतो. खासबागेच्या आखाड्यातसुद्धा कुस्ती नेमताना तोलामोलाचीच जोड शोधतात. विजोड कुस्ती लावली तर पब्लिक ओरडतं. त्यात कुणाचाच कस लागत नाही, ना जिंकणाऱ्याचा, ना हरणाऱ्याचा.

भाची : हेच इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या काही अकादम्यांनी फुटबॉलमध्ये करून बघितलं. त्याला ‘बायो-बँडिंग’ म्हणतात. मुलाची आजची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून तो मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज काढायचा. त्या अंदाजाच्या किती टक्के उंची त्यानं आजवर गाठली, ते बघायचं. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांतून ८५ ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यातली मुलं निवडून त्यांचे आपसांत सामने लावले. लवकर वाढलेली मुलं नंतर म्हणाली की पहिल्यांदाच आम्हाला डोकं आणि तंत्र वापरावं लागलं, नुसत्या धक्क्यानं भागलं नाही. उशिरा वाढणारी म्हणाली की पहिल्यांदाच आम्हाला चेंडू पायाशी ठेवून काही करून दाखवता आलं. ऑकलंडमध्ये रग्बीवाले लहान मुलांचे वजनगट करतातच. फुटबॉलमध्येही, निदान ट्रायलच्या दिवसापुरती, अशी जोड लावायला काय हरकत आहे?

मामा : हरकत काहीच नाही. तालमीचं शहाणपण लंडनहून परत आलं म्हणायचं. बरं, जोड लावलीस. आता त्या जोडीत बघतेस काय? तुझा कागद दाखव.

भाची : कागदावर रकाने सगळ्यांचे साधारण सारखेच असतात. आयाक्स या डच क्लबची जुनी चौकट प्रसिद्ध आहे : तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. इंग्लंडची फुटबॉल संघटना, एफए, चार कोपरे धरते : तांत्रिक, मानसिक, शारीरिक, सामाजिक. रकान्यांवर वाद नाही. वाद आहे त्यात भरायचं काय, यावर. एक मुलगी सांगते. चणीनं लहान, धावण्यात शेवटच्या तिघींत. साध्या शर्यतीत तिला दोनाच्या वर गुण देता आले नसते. पण सामन्यात बघितलं तर चेंडू तिच्याकडे यायच्या आधी ती मान वळवून दोनदा मागे बघायची. पास आला की चेंडू जागेवर थांबवायची नाही. ज्या बाजूला मोकळं आहे तिकडे, स्वतःच्या पुढच्या पावलाएवढ्या अंतरावर अलगद ढकलायची. त्यामुळे तिच्याहून दुप्पट वेगानं धावून येणारी मुलगी पोचेपर्यंत ही तिथं नसायचीच. एकदा तिचा चेंडू गेला. इतर मुली अशा वेळी कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात किंवा बाबांकडे बघतात. हिनं तीन पावलं मागे जाऊन गोलकडची वाट अडवली. धाव, उडी, फेक यांतल्या कुठल्या चाचणीत हे सापडलं असतं?

मामा : नसतं सापडलं. मान वळवून बघणं ही फार मोठी गोष्ट आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबसारखे संघ बघत माझं आयुष्य गेलं. ज्याला मागचं दिसतं तो खेळाडू वेगळाच.

भाची : त्यावर मोजून अभ्यास झालाय. नॉर्वेचे गेइर यॉर्देत यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या मधल्या फळीतल्या खेळाडूंचं चित्रीकरण तपासलं. चेंडू मिळायच्या आधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पुढे दिलेले पास जास्त यशस्वी ठरतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे ही गोष्ट बघताही येते आणि मोजताही येते. फक्त त्यासाठी मुलांना खेळू द्यावं लागतं. शंकूंच्या रांगेतून चेंडू नेणारं मूल शंकूंशी खेळत असतं. शंकू अंगावर धावून येत नाही, आणि त्याला फसवायचंही नसतं.

मामा : पण सामन्यात नशीब असतं. पोरगं चांगल्या संघात पडलं की चांगलं दिसतं. दोन कच्च्या पोरांमध्ये पडलं की त्याला चेंडूच मिळत नाही.

भाची : म्हणून संघ बदलत राहायचे. चार विरुद्ध चार, पाच-सहा मिनिटांचे छोटे सामने. प्रत्येक सामन्यानंतर संघांची पुन्हा वाटणी. संघ जिंकला की त्यातल्या प्रत्येक मुलाच्या खात्यात गुण. सात-आठ सामने झाले की सोबतीच्या नशिबाचा भाग बराच धुऊन जातो. ब्रिटनमध्ये दहाएक वर्षांच्या मुलांवर हे करून बघितलं, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीनं जमलेले गुण आणि प्रशिक्षकांनी स्वतंत्रपणे केलेलं मूल्यमापन बऱ्यापैकी जुळलं. लहान मैदानात चेंडूही सारखा पायाशी येतो, लपायला जागा राहत नाही. तुम्हाला आकडा हवा होता ना? हा आकडा खेळातूनच निघतो.

मामा : हे चांगलं आहे. मनापासून सांगतो, हे आमच्या तालुक्याच्या मैदानावरही जमेल. खर्च काहीच नाही. पण माझी मूळ शंका अजून बाकी आहे. मान वळवली, वाट अडवली, हे ठरवणार कोण? नजरच ना? आणि नजर पाजी असते. जो पहिल्या दोन मिनिटांत गोल मारतो तो पुढे तासभर चांगलाच दिसतो. भावाचा लौकिक धाकट्याला चिकटतो. प्रशिक्षकाचा स्वतःचा पोरगा संघात असेल तर बघायलाच नको.

भाची : इथं तर बहुतेक प्रशिक्षक पालकच असतात, पगार न घेता शनिवार देणारे. त्यांच्याशिवाय न्यूझीलंडचा लहान मुलांचा फुटबॉल एक दिवसही चालणार नाही. पण स्वतःच्या मुलाच्या गटात त्यांच्या हातात निवडीचा कागद असू नये, हे मी क्लबात सांगत असते. राहिली नजर. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन एकवीस-बावीस वर्षांचे असताना इस्रायली सैन्यात जवानांची निवड सुधारायला बसले होते, १९५५ च्या सुमारास. मुलाखत घेणारे गप्पा मारून एक ठोकळ मत बनवायचे. कानमन यांनी सहा गुण ठरवून दिले. एका गुणाबद्दल ठरावीक प्रश्न विचारायचे, लगेच त्याचा आकडा लिहायचा, मगच दुसऱ्याकडे वळायचं. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तेव्हा कानमन यांनी एक भर घातली : सगळे आकडे लिहून झाले की डोळे मिटा आणि तुमच्या मनाचाही एक आकडा द्या. अंदाज आधीपेक्षा पुष्कळ सुधारले, आणि शेवटचा तो मनाचा आकडाही उपयोगी निघाला. कारण तो आता मन लावून बघितल्यानंतर आलेला होता.

मामा : म्हणजे नजर काढून टाकायची नाही, तिला शिस्त लावायची.

भाची : हो. एका वेळी एकच गोष्ट बघायची. दोन माणसांनी, एकमेकांशी न बोलता. मुलं निदान दोन वेगवेगळ्या दिवशी बघायची. कागदावर नावाऐवजी बिबचा नंबर. आणि शेजारी एक रकाना जन्माच्या महिन्याचा. तो आधी झाकून ठेवायचा आणि आकडे लिहून झाल्यावर उघडायचा. ज्या मुलाला तीन दिले ते नोव्हेंबरचं निघालं तर थांबून पुन्हा विचार करायचा.

मामा : इथपर्यंत तुझं-माझं जमलं. आता जिथं जमणार नाही ते बोलू. तुमच्या देशात मला दुसरंच वारं दिसतंय. निवडच नको, गुण नकोत, सगळे सारखे. हे मला मान्य नाही.

भाची : तुम्ही ‘बॅलन्स इज बेटर’बद्दल बोलताय. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘स्पोर्ट न्यूझीलंड’बरोबर रग्बी, क्रिकेट, फुटबॉल, हॉकी आणि नेटबॉल या पाच खेळांच्या राष्ट्रीय संघटनांनी मिळून एक निवेदन काढलं. मुलांना लवकर वेगळं काढू नका, एकाच खेळात जखडू नका, प्रातिनिधिक संघ आणि स्पर्धा यांचा फेरविचार करा, प्रत्येक मुलाला चांगलं प्रशिक्षण मिळू द्या. त्याच वर्षी नॉर्थ हार्बर रग्बी युनियननं लहान वयोगटांतले प्रातिनिधिक संघ बंद करायचं ठरवलं, तेव्हा देशभर वाद झाला. मुलांना मऊ करताय, अशी टीका झाली. पण निवेदनात ‘सगळे सारखे’ असं कुठंही नाही. उशिरा निवडा, एवढंच त्याचं म्हणणं आहे. नॉर्वेमध्ये १९८७ पासून लहान मुलांच्या खेळाचे नियम आहेत. अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते लावत नाहीत, तेराव्यापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. तिथला फुटबॉलपटू अर्लिंग हालांड ब्रिन नावाच्या छोट्या गावात चाळीसेक मुलांच्या गटात वाढला, आणि त्यातून कुणाला काढलं नाही.

मामा : ब्रिन गावात चाळीस पोरं आणि त्यांना पुरेल एवढं मैदान. माझ्याकडे एक मैदान आणि दोनशे पोरं. मी निवडलं नाही तर कुणालाच काही मिळत नाही. अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा. क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला म्हणून पुण्याला राहायची, खायची, शिकायची सोय झाली. २०१७ साली १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. ६ ऑक्टोबरला नवी मुंबईत तुमच्या न्यूझीलंडच्या पोरांनी तुर्कस्तानला १-१ असं रोखलं. त्याच दिवशी दिल्लीत भारत वर्ल्ड कपातला आपला पहिला सामना खेळला, आणि अनिकेत त्या संघात होता. त्याला लहानपणी कुणी म्हणालं असतं की बाळा, आम्ही उशिरा निवडतो, तर उशिरापर्यंत तो थांबणार कशाच्या बळावर? सुखवस्तू पोराला निवड म्हणजे गाळणी वाटते. आमच्या पोरांना ती शिडी असते.

भाची : हे मला खोडता येत नाही.

मामा : आणि तुमच्याकडेही हेच आहे, फक्त झाकलेलं आहे. क्लबानं निवड बंद केली तरी ज्याच्याकडे पैसे आहेत तो खासगी अकादमीत जातो, सुट्टीतल्या शिबिरांना जातो. चौदाव्या वर्षी तुम्ही म्हणता, आता निवडू या. तेव्हा कोण पुढे दिसतो? ज्याच्या बापानं चार वर्षं फी भरली तो. निवड बंद केली म्हणून ती थांबत नाही. ती पैशाकडे जाते.

भाची : तुमचं म्हणणं मी पुरतं मान्य करते, आणि त्यातूनच माझा मुद्दा पुढे नेते. निवड कशासाठी चालली आहे, हे आधी विचारलं पाहिजे. वसतिगृहात वीस खाटा असतील तर निवडावंच लागेल, आणि ती उघड, मोजून, वशिल्याशिवाय झाली पाहिजे. तिथं तुम्ही बरोबर आहात. पण आमच्या क्लबात मैदान आहे, चेंडू आहेत, पाच संघ करता येतात. तिथं दहा वर्षांच्या मुलांची उतरंड लावून वरच्या संघाला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव द्यायचा आणि खालच्यांना उरलंसुरलं, याला गरज म्हणता येत नाही. ती आपण स्वतः केलेली टंचाई आहे. वर्षभर ज्यांना जास्त शिकवलं ते पुढच्या ट्रायलला सरस दिसणारच. मग आपण म्हणतो, बघा, आपला अंदाज खरा ठरला.

मामा : म्हणजे जिथं खाटा कमी तिथं निवडा, जिथं मैदान मोकळं तिथं शिकवा.

भाची : आणि जिथं निवडाल तिथं दार एकदाच उघडून बंद करू नका. आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ अभ्यासांतल्या ६,०९६ खेळाडूंची माहिती एकत्र करून बघितली. प्रौढपणी जगात पहिल्या रांगेत पोचलेले खेळाडू, राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत, लहानपणी जास्त खेळ खेळलेले होते, मुख्य खेळाकडे उशिरा वळलेले होते, आणि सुरुवातीला त्यांची प्रगती हळू होती. लहान वयात जे चमकले त्यांचं चित्र याच्या उलट होतं. याचा अर्थ दहाव्या वर्षी जो सर्वांत पुढे आहे तोच विसाव्या वर्षी असेल, ही पैज फार कच्ची आहे.

मामा : एक सांग. ज्याला ‘सी’ संघात टाकलं त्या पोराला तुम्ही काय सांगता? मी तर सरळ सांगायचो : आज तू कमी पडलास, पुढच्या वर्षी ये. पोरं रडायची, पण त्यांना कळायचं आपण कुठं आहोत. गोड बोलून अंधारात ठेवण्यापेक्षा ते बरं.

भाची : अंधारात ठेवण्यापेक्षा बरं, नक्कीच. काही ठिकाणी नुसती यादी येते. त्यात ना कारण असतं, ना माणूस. मूल स्वतःच कारण शोधतं, आणि मुलं जे कारण शोधतात ते नेहमी स्वतःच्या विरुद्ध असतं. पण ‘तू कमी पडलास’ हेही अपुरं आहे, मामा. कशात? किती? त्यावर उद्या सकाळी काय करायचं? मी तीन वाक्यं सांगते. तुझं हे चांगलं आहे, आणि ते मी या क्षणी बघितलं. तुझं हे अजून यायचं आहे, त्याचा सराव असा कर. आणि अमुक महिन्यात आपण पुन्हा बघणार आहोत, तेव्हा संघ बदलू शकतो. हे तिसरं वाक्य खरं असलं पाहिजे. हंगामाच्या मध्यावर दोन-तीन मुलं खरोखर वर गेलेली दिसली तरच बाकीच्यांचा त्यावर विश्वास बसतो.

मामा : आणि पालकांना?

भाची : पालकांना मी एकच विनंती करते. घरी जाताना गाडीत ट्रायलचं विश्लेषण करू नका. आपल्या मराठी घरांत तर लगेच सुरू होतं : त्या पासला तू का थांबलीस, ती अमकी बघ कशी घुसत होती. ज्या मुलीला मैदानावर दोन माणसांनी जोखलं, तिला गाडीत तिसऱ्यानं जोखायची गरज नसते.

मामा : मी माझ्या पोरालाही स्कूटरवर असंच झोडायचो. तेव्हा ते प्रेमच वाटायचं. प्रेम होतंही. पण एका गोष्टीत मी तुझ्याशी शेवटपर्यंत सहमत होणार नाही. दहा वर्षांच्या पोराला गुण कळले पाहिजेत. हरणं लपवलं की जिंकणंही खोटं होतं.

भाची : आणि मी म्हणेन, सामन्यातलं हरणं लपवू नका, तीन-दोन म्हणजे तीन-दोन. पण मुलाच्या अंगावर आकडा चिकटवू नका. सामना पुढच्या शनिवारी पुन्हा होतो. ‘तू तीन गुणांची’ हे वाक्य मुलगी वर्षभर उराशी घेऊन फिरते.

इथं दोघांचं जुळत नाही, आणि जुळवून दाखवायची मला घाई नाही. मामांचा आग्रह आहे की मोजमाप उघड असावं, कारण जिथं ते नसतं तिथं पैसा आणि ओळख निवड करतात. भाचीचा आग्रह आहे की वाढत्या मुलाचं मोजमाप तात्पुरतं असावं, कारण वाढ कुणाच्या वेळापत्रकानं होत नाही. मला दोन्ही आग्रह एकत्र हवे आहेत. मुलांना निवडायचं असेल तर उघड, खेळातून, एकाहून जास्त दिवस आणि जन्माचा महिना लक्षात घेऊन निवडा. निवड झाल्यावर प्रत्येक मुलाला कारण सांगा आणि पुन्हा बघण्याची तारीख द्या. आणि जिथं मैदान सगळ्यांना पुरतं तिथं चांगला प्रशिक्षक शेवटच्या संघालाही द्या.

ऑकलंड असो की कोल्हापूर, ज्या पालकाचं मूल येत्या हंगामात नंबराचं बिब चढवणार आहे त्यानं क्लबाला हे तीन प्रश्न आधीच विचारावेत : निवड कशावर करता, ती पुन्हा केव्हा तपासता, आणि जी मुलं खालच्या संघांत जातील त्यांना शिकवणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कळतं की तो क्लब मुलं घडवायला बसला आहे की नुसती वेचायला.